पहिल्या तबकडीचं सोवळं

मागच्या महिन्यात सांगलीत एका लहानशा संगीतमंडळात जुन्या ध्वनिमुद्रिकांवर व्याख्यान झालं. वक्ते नावाजलेले संग्राहक. लाखेच्या तबकड्यांनी त्यांची कपाटं भरलेली आहेत आणि त्यांनी त्या पदरमोड करून, जुने बाजार धुंडाळून जमवल्या आहेत. त्याबद्दल मला आदर आहे. तो आत्ताच नोंदवून ठेवतो, कारण पुढे तो फारसा दिसणार नाही.

बोलणं रंगलं होतं. पण शेवटाकडे कुणीतरी विचारलं, "आमच्याकडे कॅसेटी आहेत, त्याही जपायच्या का?" वक्ते हसले. म्हणाले, मूळ तबकडी तेवढी खरी. नंतरच्या एलपी, कॅसेटी, सीडी हे सगळं उष्टं. आणि ती 'निवडक' गाण्यांची संकलनं म्हणजे तर निव्वळ भेळ. लोक हसले, टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो. माझ्या घरात चाळीस वर्षांत जमलेलं जे काही आहे ते नेमकं हेच उष्टं आणि हीच भेळ. तिथेच उठून बोलायला हवं होतं, पण तेवढ्यात चहा आला.

आधी भेळेचं बघू, ते सोपं आहे. भडंगावर पोसलेल्या गावात उभं राहून माणसाने भेळेला नावं ठेवू नयेत.

आता 'मूळ'. ज्या तबकडीला मूळ म्हणायचं ती काय असते? गायक गायचा, त्याचा आवाज मेणाच्या जाड चकतीवर कोरला जायचा. त्या मेणावर धातूचा थर चढवून उलटा ठसा काढायचा, त्यावरून सुलटा ठसा, त्यावरून पुन्हा उलटा, आणि या शेवटच्या ठशाने लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या गरम लगद्यावर दाब दिला की तबकडी तयार. दुकानात आलेली पहिल्या दिवसाची पहिली तबकडीसुद्धा मेणापासून चार पायऱ्या खाली असते, आणि तिची भावंडं शेकड्याने, कधी हजाराने निघालेली असतात. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित झालं तेव्हा ते मेण बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला गेलं आणि तिथून तबकड्या होऊन परत आलं. गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. ते रसिकांसाठी नव्हतं, लेबल चिकटवणाऱ्या जर्मन कारागिराचा घोटाळा होऊ नये म्हणून होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा नकलांचा धंदा. त्यातली एक नक्कल सोवळ्यातली आणि बाकीच्या ओवळ्या, हे कुणी ठरवलं?

आमच्या शेजारच्या मिरजेचंच उदाहरण घ्या. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रासकडच्या एका लहान रेल्वे स्थानकावर वारले आणि मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचं दफन झालं. अजूनही उरुसाला तिथे गायक हजेरी लावतात. हा माणूस मैफलीत एक राग तासभर उलगडत असे. तबकडीच्या एका बाजूवर मावायची जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं. म्हणजे त्यांची ती झिंझोटीतली ठुमरी, जी ऐकून आजही माणसं गप्प होतात, ती खाँसाहेबांनी स्वतः कापून, दुमडून डबीत बसवलेली आहे. मूळ म्हणून ज्याची पूजा चालली आहे तेच मुळात निवडक आहे. नंतर अशा दहा-बारा डब्या शेजारी शेजारी ठेवून कुणी एलपी काढली, तर त्याने पाप काय केलं? उलट सलग ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की खाँसाहेब वरच्या षड्जावर पोचल्यावर प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने खाली येतात. सुट्या तबकडीवर हे कळायला दर तीन मिनिटांनी उठून चावी द्यावी लागली असती, सुई बदलावी लागली असती, आणि तोवर मागचं विसरलो असतो.

फेऱ्यांची गोष्ट तर मूळवाद्यांना सांगायची सोयच नाही. '७८ची तबकडी' म्हणतात, पण जुन्या काळात सगळ्या तबकड्या ७८ फेऱ्यांवर कोरल्या जात नसत. कुठे ७६, कुठे ८०, कुठे त्याहून दूर. मुद्रण करणाऱ्या यंत्राचा जसा वेग त्या दिवशी असेल तसा. ७६ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ८०वर फिरवली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं, तान घाईत पळते, आणि ऐकणारा म्हणतो, काय तयारी होती! पुनर्मुद्रण करणारा जाणता माणूस पेटीचा सूर, आवाजाचा पोत बघून वेग सुधारून घेतो. मग सांगा, कोणती तबकडी गायकाशी जास्त इमानी? फोनोवर हट्टाने ७८ला फिरणारी मूळ, की कुणीतरी कान लावून नीट केलेली नक्कल? मिरजेत तंबोरे करणाऱ्या कारागिराला विचारा. सूर लागेपर्यंत जवारी घासत बसणारा माणूस तुमच्या मूळ तबकडीच्या लेबलाकडे बघणारसुद्धा नाही.

मला जास्त राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. वक्त्यांनी अभिमानाने सांगितलं की त्यांच्याकडच्या कितीतरी तबकड्या 'कोऱ्या करकरीत' आहेत. एक ओरखडा नाही. मला विचारावंसं वाटलं, मग त्या ऐकल्या कुणी? लाखेची तबकडी पोलादी सुईने वाजते आणि प्रत्येक वाजण्यागणिक झिजते. सुई एका बाजूला एक असा हिशेब होता, कारण साडेतीन मिनिटांत सुईचं टोकही घासून जायचं. जी तबकडी लोकांना आवडली ती वाजून वाजून संपली. चहाच्या हॉटेलात फोनोवर दिवसभर फिरलेली लावणी, लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर लावलेलं पद, त्यांचे खडे उरले, तुकडे उरले, काहींचे तेही नाहीत. कोरी राहिली ती जिच्यावर कुणी सुई टेकवली नाही ती. तेव्हा कोऱ्या तबकड्यांवरून जुन्या काळाच्या आवडीचा अंदाज बांधणं म्हणजे न विटलेल्या लुगड्यांवरून घरातल्या बाईचा संसार ओळखण्यासारखं आहे.

आणि या झिजण्यातही जात असते. नाट्यपदांच्या तबकड्या माडीवर, कापडाच्या पिशवीत, कपाटात राहिल्या. लावणीच्या तबकड्या ज्यांनी घेतल्या त्यांच्याकडे कपाट नव्हतं. आमचा हा सगळा पट्टा लावणीचा. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. जोशीपण, कुलकर्णीपण मागे टाकून फडात उभे राहिले आणि १९४५ मध्ये विपन्नावस्थेत गेले. वाईच्या यमुनाबाई बैठकीच्या लावणीत अदा अशी करत की शब्द नंतर पोचायचा. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वय ९६ झाल्यावर. वाईजवळच्याच पसरणीचे शाहीर साबळे. त्यांनी गायलेलं महाराष्ट्रगीत २०२३ मध्ये राज्यगीत झालं. लोकांच्या कानात ते होतंच. साबळ्यांचा तो आवाज कॅसेटींनी, रेडिओने आणि एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात भरून घेतलेल्या नकलांनी घरोघर पोचवला होता. माझ्या आईने सुलोचना चव्हाणांची लावणी पहिल्यांदा ऐकली ती साताऱ्याला पोवई नाक्यावर, कॅसेटच्या दुकानाबाहेर उभं राहून, आणि तिला नंतर 'मूळ' म्हणून काय ऐकवलं असतं? ती दुकानातली कॅसेट हेच तिचं मूळ.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. माझा भाचा मँचेस्टरला शिकायला होता. येताना त्याने एक सीडी आणली, 'इन द जंगल ग्रूव्ह' नावाची, जेम्स ब्राउनची. फंक म्हणतात त्या गाण्यांचं संकलन, १९८६ साली निघालेलं. मला आधी नुसता गोंगाट वाटला. मग भाच्याने एक तुकडा लावला, 'फंकी ड्रमर' या गाण्यातला. सगळे वाजवायचे थांबतात, एकटा ड्रमवाला वाजवत राहतो, आणि माझी मांडी आपोआप हलायला लागली. ढोलकीवाल्याला सवाल-जवाबात मोकळा सोडल्यावर होतं तसंच. ड्रमवाल्याचं नाव क्लाइड स्टबलफील्ड. १९७० मध्ये हे गाणं पहिल्यांदा लहान तबकडीवर आलं तेव्हा दोन बाजूंत तोडून आलं होतं, पुढची बाजू संपली की उलटायची. सलग नऊ मिनिटांचं गाणं लोकांना मिळालं ते सोळा वर्षांनंतरच्या या संकलनातून, आणि तिथूनच अमेरिकेतल्या रॅपवाल्या पोरांनी तो ठेका उचलून शेकडो गाण्यांत घातला. म्हणजे मूळ तबकडी तुटकी आणि भेळ अख्खी. घ्या आता!

त्याच भाच्याने इंग्लंडच्या उत्तर भागातली हकीकत सांगितली. १९७०च्या दशकात तिथल्या गिरणगावांतली पोरं अमेरिकेत न खपलेल्या सोल गाण्यांवर रात्र रात्र नाचायची. विगन कॅसिनो हे त्यातलं नामांकित ठिकाण, १९८१ पर्यंत चाललं. तिथे तबकड्या लावणारे लोक आपल्या दुर्मिळ तबकडीचं लेबल झाकून वर खोटं नाव चिकटवायचे. शेजारच्या क्लबवाल्याला कळू नये, त्याने ती शोधून आणू नये म्हणून. फ्रँक विल्सन नावाच्या गायकाची १९६५ची एक तबकडी, जिच्या प्रती हाताच्या बोटांवर मोजाव्यात, २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांच्या वर विकली गेली. आज तेच गाणं कुठल्याही साध्या संकलनात सापडतं. पंचवीस हजारवाला आणि दहा पौंडवाला एकाच गाण्यावर नाचतात. फरक एवढाच की पहिला ती तबकडी वाजवायला घाबरत असणार.

लेबल झाकायची ती रीत ऐकून मला आमचे संग्राहक आठवले. यादी मागितली की म्हणतात, तयार होतेय. ऐकायला मागितलं की म्हणतात, या एकदा घरी. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हा प्रकार इंग्लंडात तरी धंद्यासाठी होता.

लेबलावरून आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. माझ्या मित्राचं घर गावभागात, तळमजल्यावर आजोबांच्या तबकड्यांचा पेटारा. पाणी उतरल्यावर आम्ही तो उघडला तेव्हा कागदी पाकिटांचा लगदा आणि मधे गाळ, असा थरावर थर बसला होता. एकेक तबकडी सोडवून नळाखाली धुतली. मला घाई, मी एकीला स्पिरिटने पुसलं. लाख स्पिरिटात विरघळते हे मला माहीत असायला हवं होतं. बोटाखाली तिची चमक गेली आणि खाचा बुळबुळीत झाल्या. मित्र काही बोलला नाही, नुसता माझ्या हातातून बोळा काढून घेतला. बाकीच्या आम्ही सावलीत, ताटं लावावीत तशा भिंतीला टेकवून वाळवल्या, कारण उन्हात ठेवल्या तर वाकल्या असत्या.

आवाज वाचला होता. खरखर वाढली, पण आवाज होता. गेली होती ती लेबलं. साठ-पासष्ट तबकड्या अशा, की मधे नुसता मळकट गोल. लाखेत ठशाचे आकडे होते, पण कुठला आकडा कुठल्या पदाचा हे सांगणारी यादी घरात नव्हती. म्हणजे हातात शुद्ध, सोवळ्यातलं, मूळ, आणि ते कोण आहे हे ते स्वतः सांगू शकत नव्हतं. मग काय केलं? माझं उष्टं आणलं. दोन खोकी कॅसेटी, एलपी, सीडी. दर रविवारी बसायचं, फोनोवर एक बाजू लावायची, ओळखीची वाटली की टेपवर शोधायची. नुसतं पद तेच असून भागत नाही, कारण एकेका गायकाने तेच पद दोन-दोनदा मुद्रित केलेलं असतं. अंतऱ्याच्या आधी पेटीवाल्याने घेतलेली एक छोटी जागा जुळली की आम्ही म्हणायचो, हीच. असं करत पन्नासहून जास्त तबकड्यांना नावं मिळाली. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावरून नाव उतरवून आम्ही ते मूळ तबकडीवर चिकटवलं. उष्ट्याने सोवळ्याला ओळख दिली.

आता वक्त्यांच्या पदरात एक माप टाकतो, कारण त्यांचं सगळंच खोटं नाही. आपल्याकडची पुनर्मुद्रणं बहुतेक वेळा आळशी असतात. खरखर काढायच्या नादात सारंगीचा वरचा सूर खरवडून टाकतात, गायक पडसं झाल्यासारखा ऐकू येतो. कुणी त्यावर घुमारा चढवतो, जणू गाणं विहिरीत झालं. आणि निवड! नाट्यसंगीताचं कुठलंही संकलन उघडा, 'मानापमान' आणि 'स्वयंवर' यातली तीच पदं पुन्हा पुन्हा. खाडिलकर सांगलीचे, बालगंधर्व पलूसकडच्या नागठाण्याचे, त्यामुळे आम्हाला त्यांचा कंटाळा येणं शक्य नाही; पण ज्याने निवड केली त्याने दुसरी पेटी उघडूनच पाहिली नाही हे कळतं. सगळ्यात मोठं पाप म्हणजे माहिती न देणं. गायकाचं नाव मोठं, संगीतकाराचं बारीक, आणि तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, ढोलकीवर कोण, साल कोणतं, मूळ तबकडीचा क्रमांक काय, यातलं काही नाही. गंधर्व मंडळीत थिरकवाँसाहेब तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला होते हे महाराष्ट्राला पाठ आहे, पण हातातल्या पदात नेमकं कोण वाजवतंय हे वेष्टन सांगत नाही. 'पिंजरा' १९७२चा. मिरजेच्या राम कदमांच्या चालींवर अख्खा महाराष्ट्र डोलला. त्या लावण्या जिने उचलून धरल्या त्या ढोलकीच्या हाताचं नाव किती संकलनांवर आहे ते बघा. स्टबलफील्डचंही तेच झालं. जगभर ठेका वाजला, पण गाण्याच्या मालकीत नाव नसल्याने त्या वापराचे पैसे त्याला मिळाले नाहीत. २०१७ मध्ये तो गेला. त्याचं नाव मात्र आज माझ्यासारख्या सांगलीतल्या माणसाला माहीत आहे, कारण तिकडे संकलनाबरोबर कोण वाजवतंय, कुठे, कधी, हे शोधून छापणारे लोक निपजले. शिकागोची न्यूमेरो नावाची कंपनी २००३ पासून हेच करते. बुडालेल्या लहान कंपन्यांची गाणी शोधायची, वादकांना गाठायचं, त्यांची गोष्ट छापायची.

मग भांडण कुणाशी करायचं? पुनर्मुद्रण वाईट केलं तर ते चांगलं करा म्हणा. पुनर्मुद्रणच नको म्हणणं हा उपाय असेल तर भात करपला म्हणून चूल फोडायला हवी. आणि चांगलं करायला लागतं काय? माहिती. ती कुणाकडे आहे? संग्राहकांकडे. लेबलं, जुन्या सूचीपुस्तिका, पाकिटांवरच्या जाहिराती त्यांच्या कपाटात आहेत. कायद्याचं निमित्तही फारसं उरलेलं नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांनी संपतो. म्हणजे गौहरजानपासून लाखेच्या तबकडीचा जवळजवळ सगळा जमाना मोकळा झाला आहे. पठ्ठे बापूरावांचे शब्दही २००६ पासून मोकळे आहेत. ज्यांच्याकडे तबकड्या आहेत त्यांनी त्या नीट भरून घेऊन, वेग सुधारून, वादकांची नावं छापून बाहेर काढायला कुणाची परवानगी हवी आहे? कपाटाच्या किल्लीचीच तेवढी.

पुराच्या त्या तबकड्यांपैकी नऊ अजून अनामिक आहेत. त्यातली एक लावणी आहे. बाईचा आवाज, थोडा किनरा, दुसऱ्या कडव्यानंतर ढोलकी एकटी सुटते आणि मग तबकडीला चीर आहे म्हणून टिक-टिक असा आवाज येतो. माझ्या एकाही संकलनात ती नाही. दिवाळीनंतर मी तिची नक्कल मोबाईलवर घेऊन वाई तालुक्यातल्या एका गावी गेलो. तिथे ऐंशीच्या पुढचे एक ढोलकीवाले राहतात. तमाशाच्या फडात उमेदीची वर्षं घालवलेले. ओट्यावर बसलो. त्यांनी मोबाईल कानाशी धरला, पूर्ण ऐकलं, परत लावायला सांगितलं. ढोलकी सुटली तशी त्यांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली, आणि जिथे टिक-टिक येते तिथेही थांबली नाहीत, तिच्यामागचा बोल त्यांनी भरून काढला.

"बाई कोन ते न्हाई सांगता यायचं," ते म्हणाले. "ढोलकी चढी लावलीया. हात आमच्याकडचा वाटतुया."

मी म्हणालो, मूळ तबकडी मित्राकडे सांगलीला आहे, हवी तर घेऊन येतो दाखवायला.

"ती कशाला? फुटंल वाटंत. हेच नातवाच्या फोनमधी टाका की."